पंचनामा

त्याचा जन्म बहुतेक वेळा कुणाच्या तरी मांडीवर होतो. हवालदार मिळेल तिथे टेकतो, जिन्याच्या पायरीवर, विहिरीच्या काठावर, नाहीतर शेजारणीनं आणून ठेवलेल्या पाटावर. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद, कागदांच्या मध्ये कार्बन. पेन दाबून चालवायचं, म्हणजे शेवटच्या प्रतीपर्यंत अक्षर उमटतं. आता तो संगणकावर टंकला जातो, पण मी त्याला जवळून पाहिलं २०११ साली, तेव्हा तो हातानंच लिहिला जात होता.

आमच्या आळीत शेजारच्या काकूंकडे घरफोडी झाली होती. काकू लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या. परत आल्या तर कोयंडा उचकटलेला आणि कुलूप ओट्यावर पडलेलं. मी शाळेत निघालो होतो. हवालदारांनी हाक मारली, "मास्तर, पंच म्हणून उभे राहता का? अर्ध्या तासाचं काम आहे." दुसरे पंच म्हणून समोरच्या बोळातले शिंपी आले, गळ्यात टेप तशीच. काम अडीच तास चाललं.

पंचनाम्याची सुरुवात ‘आम्ही’नं होते. आम्ही खाली सह्या करणारे पंच, अमुक वय, अमुक धंदा, राहणार अमुक, आम्हांस आज रोजी पोलिसांनी समक्ष बोलावून कळविले की... त्या पानावरचं एकही अक्षर आम्ही लिहिलेलं नव्हतं, तरी सगळा कागद आमच्या तोंडून बोलत होता. हवालदार एकेक वाक्य मोठ्यानं म्हणत लिहीत होते आणि मध्येच थांबून आमच्याकडे बघत होते, "बरोबर ना?" आधी आला पत्ता, मग चतुःसीमा. पूर्वेस सार्वजनिक बोळ, पश्चिमेस परस, दक्षिणेस मोकळी जागा, उत्तरेस फिर्यादीच्या दिरांचं घर. मग दार, दाराची फळी, फळीवर पाचर मारल्याची खूण, तिची लांबी. मी पंधरा वर्षं त्या दारावरून जात होतो. ते दार उत्तराभिमुख आहे की पूर्वाभिमुख, हे मला त्या दिवशी कळलं.

त्याचा स्वभाव मला तेव्हापासून आवडत आला आहे. तो जेवढं दिसतं तेवढंच बोलतो. जमिनीवर रक्त पडलं असं तो लिहीत नाही, ‘रक्तासारखे दिसणारे डाग’ असं लिहितो. सोन्याची बांगडी म्हणत नाही, ‘पिवळ्या धातूची, सोन्यासारखी दिसणारी’ म्हणतो. डाग रक्ताचा आहे का, हे सांगण्याचं काम प्रयोगशाळेचं. तो रक्ताचा असला तर कुणाचा, कुणी सांडला, हे ठरवण्याचं काम न्यायाधीशांचं. आपल्याला ठाऊक नाही ते आपण म्हणायचं नाही, ही शिस्त भल्याभल्यांना जमत नाही. त्या पिवळ्या कागदाला ती जन्मतः असते. निदान असायला हवी.

नावाचं म्हणाल तर ते दोन घरचं आहे. पंच आपले, संस्कृतातले, आणि नामा फारसीतून आलेला, करारनामा-हुकूमनाम्याच्या कुळातला. नावात पाच जण आहेत, कायद्याला दोन पुरतात. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १०३, १९७३ च्या संहितेत कलम १००, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १०३. झडतीच्या वेळी त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी हजर ठेवावेत, ही अट तिन्हींत आहे. पण १९७३ ची संहिता चाळली तर त्यात ‘पंचनामा’ या शब्दाची व्याख्या सापडत नाही. देशातल्या जवळजवळ प्रत्येक फौजदारी खटल्यात जो हजर असतो, त्याला कायद्यानं नीट ओळखदेखील दिलेली नाही.

त्याचं कुटुंब मोठं आहे. घटनास्थळाचा पंचनामा, जप्तीचा, अंगझडतीचा, अटकेचा. शेतकऱ्याला तो वेगळ्या वेषात भेटतो, तलाठ्याबरोबर, गारपिटीनंतर, झोपलेल्या गव्हाच्या बांधावर, आणि तिथंही सगळ्यांचे डोळे त्याच्याकडेच लागलेले असतात. या कुटुंबात सगळ्यांत कठीण काम मरणोत्तर पंचनाम्याचं. कुणाचा अनैसर्गिक मृत्यू झाला की तो प्रेताशेजारी येऊन बसतो. डोक्याच्या केसांपासून पायाच्या बोटांपर्यंत एकेक अवयव पाहून लिहायचा. अंगावरचे कपडे, त्यांचे रंग, गोंदण, गळ्यातला दोरा, खिशातली बसची तिकिटं. घरचे बाहेर आक्रोश करत असतात आणि आत दोन परकी माणसं खाली मान घालून ‘डोळे अर्धवट मिटलेले’ हे वाक्य बरोबर आहे का ते बघत असतात. सुनेच्या मरणाला ‘स्टोव्हचा भडका’ म्हणून जेव्हा घरोघर मिटवलं जायचं, तेव्हा त्या स्टोव्हमध्ये रॉकेल किती होतं, हे कुठल्यातरी पंचनाम्यात लिहिलं गेलं असलं तरच पुढे काही होऊ शकलं.

आणि एक निवेदनाचा पंचनामा. पोलीस त्याला मेमोरंडम म्हणतात. आरोपी पोलिसांपुढे जे कबूल करतो ते कोर्टात चालत नाही, पण त्यानं दाखवून दिलेल्या जागेतून वस्तू निघाली तर तेवढा भाग चालतो. स्वातंत्र्याच्या तोंडावर प्रिव्ही कौन्सिलनं पुलुकुरी कोट्टया खटल्यात त्या ‘तेवढ्या भागा’ची हद्द आखून दिली. वस्तू सापडणं म्हणजे नुसती वस्तू नव्हे, ती कुठून निघाली ती जागा आणि आरोपीला ते माहीत होतं ही गोष्ट. हा पंचनामा घराण्यातला सगळ्यांत नाजूक. पोलिसांना आधीच माहीत असलेल्या झुडपातून कोयता ‘काढून दिला’ असं लिहिणं सोपं असतं, म्हणून न्यायालयं त्याला फार बारकाईनं तपासतात. पंचांना आधी ठाण्यात बोलवा, आरोपी काय म्हणतो ते त्यांच्या कानांवर पडू द्या, मग सगळे मिळून त्या जागी जा, ही पद्धत सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली पुन्हा एकदा सविस्तर सांगितली. शंभरावर वर्षं चालत आलेलं कलम, आणि तरीही पहिल्या पायरीपासून परत शिकवावं लागलं.

काकूंच्या घरात कपाट उघडं होतं. साड्यांचा ढीग खाली, डांबरगोळ्यांचा वास, तांदळाचा डबा पालथा. पाटल्या तांदळात ठेवल्या होत्या. चोरानं डबा ओतून त्या नेल्या होत्या आणि तांदूळ स्वयंपाकघरभर झाले होते. पंचनाम्यात याला ‘सामान अस्ताव्यस्त पडलेले’ असे तीन शब्द मिळाले. काकू मात्र खाली बसून तांदूळ सुपात गोळा करत होत्या आणि हवालदार त्यांना सांगत होते, "आई, हात लावू नका, आमचं होऊ द्या." त्या हात मागे घेत, थोड्या वेळानं परत पुढे करत.

मग कुलूप. जुनं, पितळी, अलिगढचं, काकूंच्या यजमानांनी घर बांधलं तेव्हा आणलेलं. ते खाकी पाकिटात गेलं. पाकिटाला दोरा, दोऱ्याच्या गाठीखाली आमच्या सह्यांची चिठ्ठी. हवालदारांनी मेणबत्तीवर लाख धरली, थेंब गाठीवर पडू दिले, एक थेंब अंगठ्यावर पडला तसा हात झटकला आणि तरीही लाख गार व्हायच्या आत ठसा दाबला. मला म्हणाले, "मास्तर, ही लाख फुटली की केस फुटली." मग त्यांनी आणखी दोन कोऱ्या चिठ्ठ्या पुढे केल्या. "यावरपण करून ठेवा, एखादी खराब झाली तर परत तुम्हाला त्रास नको." शिंप्यांनी केली. मीही केली. हवालदारांच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

या कागदाची सगळ्यांत मोठी उणीव ही की तो एकट्यानं उभा राहू शकत नाही. कोर्टात पंचनामा स्वतः पुरावा नसतो. पुरावा म्हणजे पंचानं साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन, शपथ घेऊन, तोंडानं सांगितलेलं. कागद फक्त त्याची आठवण ताजी करतो आणि त्याच्या बोलण्याला दुजोरा देतो. म्हणजे ज्या दोन वाटसरूंना हाक मारून थांबवलं, त्यांच्या स्मरणशक्तीवर, धीरावर आणि बुडालेल्या रोजंदारीवर सरकारचा सगळा खटला टेकलेला असतो. पंचामुखी परमेश्वर आपण म्हणतो खरं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हेही आपणच म्हणतो.

गुन्हेगारी वाढली असं वाटलं की आपण कायदा कडक करतो. टोळीयुद्धांनी मुंबई हादरली तेव्हा १९९९ साली मोक्का आला. स्त्रियांवरच्या अत्याचारांनी महाराष्ट्र संतापला तेव्हा २०२१ च्या डिसेंबरात विधिमंडळानं शक्ती विधेयक मंजूर केलं. त्यात फाशी होती, तीस दिवसांत तपास होता. राष्ट्रपतींची मंजुरी त्याला मिळाली नाही. त्यामागचा संताप खरा होता, माझाही होता. पण शिक्षेच्या कडकपणापेक्षा ती होणार याची खात्री माणसाला जास्त आवरते, हे बेकारिया या इटालियन विचारवंतानं १७६४ मध्येच लिहून ठेवलं आहे. चोर कोयंड्यात पाचर घालतो तेव्हा कलमाखाली तीन वर्षं लिहिलीत की सात, याचा हिशेब करत नाही. आपण सापडणार का, आणि सापडलो तरी सुटणार का, एवढंच त्याच्या डोक्यात असतं. २०१२ च्या सुमाराला आपल्या राज्यात भारतीय दंड संहितेखालच्या शंभर निकालांत शिक्षा होत होती ती दहाहून कमी प्रकरणांत, देशाची सरासरी अडतीसच्या आसपास असताना. पुढे हे प्रमाण बरंच सुधारलं. पण त्या काळात चोरानं केलेला हिशेब चुकीचा होता असं कोण म्हणेल?

आणि नुसतं शिक्षेचं प्रमाण वाढवून भागत नाही. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले, दीडशेहून जास्त माणसं घरी परतली नाहीत. मोक्काखाली खटला चालला. २०१५ मध्ये विशेष न्यायालयानं बारा जणांना दोषी ठरवलं, त्यांतल्या पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं त्या सगळ्यांना निर्दोष सोडलं. कारणं अनेक होती, कबुलीजबाबांपासून ओळखपरेडीपर्यंत. पण त्यांत एक कारण वाचताना मी जागच्या जागी थांबलो. जप्त केलेल्या वस्तू प्रयोगशाळेत पोचेपर्यंत नीट ताब्यात आणि नीट सीलबंद होत्या, हे सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानं एवढंच सांगितलं की हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, आणि सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. राज्यातला सगळ्यांत कडक कायदा, देश हादरवणारा गुन्हा, आणि सगळं येऊन अडलं ते त्या लाखेच्या थेंबापाशी.

ज्यांची माणसं त्या डब्यांत गेली त्यांना एकोणीस वर्षांनी कळलं की गुन्हेगार कोण ते अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. जे सुटले त्यांची एकोणीस वर्षं गेली. त्यांतला एक तर निकालाआधीच तुरुंगात वारला. पंचनामा कच्चा राहिला की तो या दोघांनाही एकाच वेळी बुडवतो. म्हणूनच ‘सुटले कसे?’ असा प्रश्न टीव्हीवर विचारला जातो तेव्हा मला वाटतं, त्याच्या आधी विचारा की लिहिलं कुणी, कुठे बसून, आणि पंच कोण होते.

पंच कोण होते, हा प्रश्न पोलिसांना नेहमीच छळत आला आहे. भलं माणूस थांबत नाही. कायद्यात सबळ कारणाशिवाय पंच व्हायला नकार देणं हा गुन्हा आहे, पण त्या धाकानं कुणी मनापासून थांबेल का? मग ठाण्याच्या समोरचा चहावाला, पानवाला, रिक्षावाला. तोच माणूस दहा पंचनाम्यांवर. वकील त्याला उलटतपासात विचारतात, "आजपर्यंत किती वेळा पंच झालात?" आणि तिथं त्याचं ‘स्वतंत्र’ असणं संपतं. दुसरी तऱ्हा फितूर पंचाची. आरोपी त्याच गल्लीत राहतो, संध्याकाळी तोच समोर येतो, पंच पिंजऱ्यात म्हणतो, "सही माझी आहे, मजकूर माहीत नाही." त्याला भित्रा म्हणणं सोपं आहे. रात्री परत त्या गल्लीत त्यालाच जायचं असतं.

२०१५ साली राज्य सरकारनं ठरवलं की गंभीर गुन्ह्यांत सरकारी कर्मचाऱ्यांना पंच घ्यावं. ग्रामसेवक, लिपिक, शिक्षक. असा पंच सापडतो, पत्ता बदलला तरी कार्यालयामार्फत समन्स पोचतं, सहसा फिरत नाही. मला हा निर्णय पटतो, अर्धा. पगार सरकारकडून आणि खटलाही सरकारचा, असं आरोपीचा वकील म्हणणारच, आणि ते म्हणणं सगळंच खोटं नाही. शिवाय आळीतल्या माणसाच्या डोळ्याला जे दिसतं, ते बाहेरच्या लिपिकाला दिसेलच असं नाही. ते कुलूप काकूंचं होतं की दुसऱ्याच कुणाचं, हे मी सांगू शकत होतो. ते कुलूप लावलेलं दार मी रोज बघत होतो.

नव्या संहितेनं पंचनाम्याला एक जोडीदार दिला आहे. झडती आणि जप्तीचं, पंचांच्या सह्यांसकट, चित्रीकरण करायचं, आणि ते लगेच दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. सात वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जायचं. त्याची व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. मला यात खरी आशा दिसते. नव्या कलमांच्या लांबलचक यादीत गुन्हेगारीला आळा घालण्याची ताकद मला या दोन तरतुदींत जास्त वाटते, कारण त्या शिक्षेच्या आकड्याला हात न लावता पहिल्या तासाला हात घालतात. मोबाईलच्या चित्रीकरणात लाख कशी पडली ते दिसेल, कोरी चिठ्ठी पुढे केली तर तीही दिसेल. पण त्यासाठी तालुक्याच्या ठाण्यात पुरेशी माणसं हवीत, मुद्देमालाच्या खोलीचं छप्पर गळता कामा नये, प्रयोगशाळेचा अहवाल वेळेत यायला हवा. पंच दिवसाची मजुरी बुडवून येतो, त्याला भाडं आणि भत्ता त्याच दिवशी हातात मिळायला हवा, बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी हवं. अर्थसंकल्पावरच्या भाषणांत याला कधी जागा मिळालेली मी ऐकली नाही. मला तर तेच गुन्हे रोखण्याचं धोरण वाटतं.

मला समन्स आलं २०१८ च्या फेब्रुवारीत. पहिल्या तारखेला न्यायाधीश रजेवर, दुसऱ्या तारखेला आरोपीचे वकील आले नाहीत. शिंपी प्रत्येक वेळी दुकान बंद करून येत आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे राहत. तिसऱ्या तारखेला त्यांची साक्ष आधी झाली. बाहेर आले ते माझ्याकडे न बघता जिना उतरून गेले. त्यांनी काहीच आठवत नाही असं सांगितलं होतं.

मी आत गेलो. पंचनाम्याला आता निशाणी क्रमांक मिळाला होता. कागद मऊ पडला होता, घडीवर चिरला होता, कार्बनचं निळं अक्षर जांभळट झालं होतं. माझी सही मला ओळखू आली. सात वर्षांपूर्वी मी ‘र’ वेगळा काढत असे. खाकी पाकीट माझ्यासमोर फोडलं. लाखेचे तुकडे टेबलावर पडले, शिपायानं ते हातानंच गोळा केले. सरतपासात विचारलं, हेच ते कुलूप का? मी हातात घेतलं. कडीवर डाव्या बाजूला जो पोचा होता तो होता. मी हो म्हणालो.

उलटतपासाला उभे राहिलेले वकील तरुण होते, सौम्य बोलत होते. कोयंडा कोणत्या हाताला होता, उजेड किती होता, पंचनामा संपला तेव्हा किती वाजले होते. शेवटी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही कोऱ्या चिठ्ठ्यांवरही सह्या केल्या होत्या का?" मला हवालदारांचा पोळलेला अंगठा आठवला. ते तोवर निवृत्त झाले होते आणि मागच्या बाकावर बसले होते. मी हो म्हणालो. न्यायाधीशांनी मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लघुलेखकाला ते वाक्य सांगितलं.

आरोपी दोन पोरं होती, आता बाप्ये झालेली. ज्या पंचांसमोर त्यांच्याकडून दोन पाटल्या जप्त झाल्या होत्या, त्यांतले एक वारले होते आणि दुसरे फिरले. दोघांना संशयाचा फायदा मिळाला. पाटल्या काकूंना पूर्वीच ताब्यात मिळाल्या होत्या, त्या कायम झाल्या. निकालपत्राच्या शेवटच्या परिच्छेदात कुलपाचा उल्लेख होता. सदरचा मुद्देमाल क्षुल्लक किमतीचा असल्याने अपिलाची मुदत संपल्यानंतर नष्ट करण्यात यावा.

काकू मला अधूनमधून विचारत असत, "मास्तर, माझं कुलूप कधी देणार हो ते लोक?" मी त्यांना तो परिच्छेद वाचून दाखवला नाही. त्यांच्या कमरेच्या जुडग्यात त्याची किल्ली अजून आहे.